इथे एकच आकडा बसतो

नाही, पण तुम्हीच सांगा, एखाद्या लहान मुलीला कुणी विचारलं, ‘बाळा, तू केवढी गं?’ आणि ती नुसती बघत राहिली, तर त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? काही नाही ना? मुलं लाजतात, मुलं रुसतात, मुलांना नेमकं त्याच वेळी नाकात बोट घालणं जास्त महत्त्वाचं वाटतं… मग मी आठवडाभर अंथरुणात डोळे टक्क उघडे ठेवून का पडले होते? शेजारी माझ्या लेकीचे, दाओनचे, बाबा घोरतायत आणि माझं आपलं चाललंय, समजा ती बुधवारी तपासणीत बोललीच नाही तर? समजा शाळेत गेली आणि तिथेही बोलली नाही तर? समजा मोठी झाली, नोकरीच्या मुलाखतीला बसली, समोर पाच साहेब, आणि ही आपल्या कापडी सशाला कवटाळून गप्प… आणि मग सगळ्यात वाईट विचार शेवटी यायचा, की समजा हे सगळं माझ्यामुळेच असेल तर? कारण तुम्ही बघताच आहात, मी एकदा सुरू झाले की… आमच्या सासूबाई तर तोंडावरच म्हणतात, “अगं, तू मधे श्वास घेतलास तर ती बिचारी एखादा शब्द घुसवेल ना!”

आता मी गप्प बसत नाही कारण घरात शांतता झाली की मला भीती वाटते. आणि शांतता का होते? कारण दाओन बोलत नाही. आणि ती का बोलत नाही? कारण मी गप्प बसत नाही. काढा यातून वाट!

तर झालं काय, बालवाडीतून पेक बाईंचा फोन. पेक बाईंचा आवाज असा, की वाईट बातमीसुद्धा दुपट्यात गुंडाळून हातात देतात. “दाओनच्या आई, जेवलात का? …हो का? छान छान. घाबरण्यासारखं काही नाही हं…” तुम्हाला सांगते, ज्या बोलण्याची सुरुवात ‘घाबरण्यासारखं काही नाही’ने होते ना, तिथे मी तत्काळ भिंत धरते. “दाओन वर्गात एकही शब्द बोलत नाही. मार्चपासून, म्हणजे वर्ग सुरू झाले तेव्हापासून. एकही! म्हणून बुधवारी बाहेरून तज्ज्ञ बाई येणारेत. साधे साधे प्रश्न विचारतील. नाव, वय, असंच. उत्तरं दिली तर आहे तिथेच राहील.”

“आणि नाही दिली तर?”

“तर मग मुलांना बोलतं करायचं केंद्र आहे ना! रोज सकाळी जायचं, आईने बरोबर बसायचं. खूप छान आहे हो. भिंतींवर जिराफ आहेत.”

जिराफ! मला कसले जिराफ दिसतायत? मला दिसत होता तो शिक्का, ‘मागे पडलेली’. मुलगी त्या केंद्रात गेली की शिक्का तिच्या आधी शाळेत जाऊन बसतो, असं आमच्या सोसायटीतल्या सगळ्या आया म्हणतात. आणि रोज सकाळी आईने बसायचं म्हणजे माझा क्लास गेला, क्लास गेला म्हणजे नोकरी गेली… म्हणजे नोकरी अजून मिळालेली नाही, पण जी मिळणार होती ती गेली.

हा क्लास म्हणजे… आमच्या बुंदांग भागात बायकांना पुन्हा कामाला लावायचं एक केंद्र आहे. तिथे आमचं सरकारी नाव ‘कामात खंड पडलेल्या महिला’. मी रसायनशास्त्र शिकले, रंगांच्या कंपनीत पांढऱ्या रंगाच्या छटा तपासायचे. तुम्हाला पांढरा तो पांढरा वाटतो, पण दुधाचा वेगळा, भाताचा वेगळा, हॉस्पिटलच्या भिंतीचा वेगळा! मग दाओन झाली आणि मी एका दिवसात खंड पडलेली महिला झाले. माझं नाव सोल्मी आहे. आहे हो, नाव आहे मला! पण हजेरी सोडली तर ते कुणी घेत नाही, सगळीकडे मी दाओनची आई.

तर तिथे आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवतात. शिकवणारे प्यो सर, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा लहान, अंगाने काकडी, आवाज मात्र असा की खिडकीची काच थरथरते. पहिल्याच दिवशी फळ्यावर हात आपटून, “आधी जाहीर करा काय आहे! मगच आत ठेवा!”

मला वाटलं, पोलिस आले.

पण तसं नव्हतं. ती भाषाच तशी आहे. त्यात काहीही ठेवायचं असेल तर डबा लागतो, व्हेरिएबल म्हणतात त्याला. पण नुसता डबा मागितलात तर ती देत नाही. कसला डबा? पूर्ण आकड्यांचा? मग म्हणा इंट. पॉइंटवाल्या आकड्यांचा? म्हणा डबल. नुसतं हो किंवा नाही ठेवायचंय? बूलियन. शब्द, वाक्यं, बडबड? स्ट्रिंग. आणि एकदा सांगितलंत की संपलं! इंट तो इंट. त्याला उद्या वाटलं, आपण जरा वाक्य होऊन बघू… नाही. जन्मभर इंट. मागच्या बाकावरच्या एकीने भीत भीत विचारलं, “सर, आधी डबा घेतला आणि काय ठेवायचं ते मागाहून ठरवलं तर?” सर म्हणाले, “तशा भाषा आहेत. तिथे चालतं. इथे नाही चालत!” असे म्हणाले, जसं काही तिकडे राहणारी माणसं चांगल्या घरातली नाहीत.

बाकीच्या बायका गोंधळल्या, पण मला खरं तर लगेच कळलं. आम्ही तरी दुसरं काय करतो? त्याच दिवशी मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही सगळ्या ताटकळत उभ्या, कुणी कुणाशी बोलेना. कसं बोलणार? ‘घे गं’ म्हणायचं की ‘घ्या हो’? शेवटी एकीने धीर करून विचारलं, “तुमचं जन्माचं वर्ष कुठलं?” झालं, धाडधाड वर्षं बाहेर आली, कोण ताई, कोण धाकटी ठरलं, आणि मग कुठे कॉफी ओतली. आधी जाहीर करा काय आहे, मगच आत ठेवा!

घरी येऊन मी सराव करायचे तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, सासूबाईंच्या किमचीच्या, म्हणजे आमच्या आंबवलेल्या तिखट कोबीच्या, डब्यांवर. एका डब्यावर मार्करने लिहिलं इंट, त्यात अंडी. दुसऱ्यावर डबल, त्यात कापलेला मुळा. तिसऱ्यावर स्ट्रिंग, त्यात फ्रीजवरची चुंबकाची अक्षरं. दाओन समोर बसलेली, मांडीवर ससा. मी आपली पेक बाईंसारखा आवाज काढून, “दाओन, हे अर्धं संत्रं कुठल्या डब्यात जाईल गं?” दाओनने संत्रं घेतलं आणि तोंडात टाकलं. बरोबर आहे, तोंड हा वेगळाच प्रकार आहे, त्याला काहीही चालतं. एक डबा उरला, चिठ्ठी चिकटवलेली पण आत काही नाही. मी म्हटलं, “हा रिकामा. जाहीर केला, पण काही ठेवलंच नाही. असाच वापरायला गेलं की मशीन ओरडतं.” तिने तो डबा ओढून घेतला, झाकण चारी बाजूंनी नीट दाबून बसवलं आणि सशाच्या शेजारी ठेवला. बोलली काही नाही. घरी ती बोलते, नाही असं नाही… ‘पाणी’ म्हणते. ‘नको’ म्हणते. ‘नको’ जरा जास्त वेळा म्हणते.

तेवढ्यात सासूबाई आल्या, डबे न्यायला. “अगं बाई बाई बाई! किमचीच्या डब्यात अंडी? वास लागेल ना! एकदा किमची ठेवलेला डबा जन्मभर किमचीचाच, एवढं कळत नाही आणि म्हणे कॉम्प्युटर शिकते!”

तुम्हाला सांगते, प्यो सरांच्या जागी सासूबाईंना उभं केलं असतं तर कोर्स एका दिवसात संपला असता.

आणि या सासूबाईंमुळेच तर… नाही, आता निघालंच आहे तर सांगूनच टाकते. डॉक्टरांनी मला तारीख दिली होती जानेवारीच्या मध्यातली. बाळ आडवं होतं, पोट कापूनच काढायचं ठरलेलं. ठरलेलंच आहे म्हटल्यावर सासूबाई तडक ज्योतिषाकडे गेल्या आणि मुहूर्त घेऊन आल्या. तीस डिसेंबर, सकाळची वेळ. “या घटकेला जन्मलेलं लेकरू नुसतं बोलून जग जिंकेल!” …बोलून. मी हसत नाहीये. तुम्ही हसा, मला चालेल.

झाली दाओन तीस डिसेंबरला. आणि आमच्याकडे जुना हिशेब असा, की जन्मलं की एक वर्षाचं, आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं एकेक वर्ष वाढलं. एक जानेवारीला मी टाक्यांनी कण्हत पडलेली, आणि सासूबाई तांदळाच्या वड्यांचं सूप घेऊन हजर. ते सूप प्यायलं की वय वाढतं. पोरीच्या वाटचं सूप त्यांनी स्वतःच प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “झाली गं बाई दोन वर्षांची!” दोन वर्षांची! नाळ पडली नव्हती हो तिची!

मग मधे सरकारने कायदा केला, की आता हे सगळं बंद, वाढदिवसाने वय मोजायचं. एका रात्रीत अख्खा देश लहान झाला. सासूबाईंनी काही मानलं नाही. “मी प्यायलेलं सूप सरकार परत काढणारेय का?” दाओनचे बाबा म्हणतात, वाद कशाला, या वर्षातून जन्माचं वर्ष वजा करा, सैन्यभरतीत तसंच करतात. जसं काही दाओनला भरतीला पाठवायचंय. म्हणजे बघा हं, एकच मुलगी, आजी सांगते सहाची, बाबा सांगतात पाचची, आणि लस टोचणारे डॉक्टर सांगतात चारची. आणि बालवाडीत? बालवाडीत वय बघतच नाहीत. फक्त जन्माचं वर्ष बघतात आणि त्या वर्षाची सगळी मुलं एका वर्गात.

त्या वर्गात आमच्याच मजल्यावरची यूरिम आहे. तिचा वाढदिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्याच वर्षातला. म्हणजे ती पालथी पडायला लागली तेव्हा दाओनचा माझ्या पोटात पत्तासुद्धा नव्हता… होता, पण भाताच्या शितापेक्षा लहान. यूरिमची आई लिफ्टमध्ये भेटते, भेटतेच, मी जिन्याने गेले तर जिन्यात भेटते. “काय सांगू दाओनच्या आई, आमची यूरिम हल्ली झोपेतसुद्धा इंग्रजी बोलते! मला बाई काळजीच वाटते… आणि दाओन? अजून…? असू दे, असू दे. मुलं आपापल्या वेळेला बोलतात.” आणि माझ्या दंडावर हात ठेवते. तो हात मी घरी येऊन धुते. म्हणजे, माझा दंड.

आणि मग मंगळवारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, क्लासमध्ये प्यो सरांनी फळ्यावर लिहिलं, तीन पॉइंट नव्व्याण्णव. म्हणाले, “हे इंटच्या डब्यात ठेवा.” आम्ही ठेवायला गेलो, लगेच पडद्यावर लाल रेघ. सर म्हणाले, “बघा, मशीन काय म्हणतंय? म्हणतंय, यातलं काहीतरी हरवणार आहे, सांभाळा. तरी तुम्हाला ठेवायचंच असेल तर जबरदस्ती करावी लागते.” मग त्यांनी जबरदस्ती कशी करायची ते दाखवलं. आकड्याच्या आधी कंसात इंट लिहायचं, बस. मशीन गप्प. आणि डब्यात काय राहिलं? तीन.

मी हात वर केला. “सर, चार ना?”

“नाही, दाओनच्या आई. तीन.”

“पण नव्व्याण्णव आहे सर! चारच झालं की ते, जवळजवळ!”

“जवळजवळ त्याला कळत नाही. पॉइंटच्या पुढचं तो कापून टाकतो.”

“मग ते कापलेलं जातं कुठे?”

वर्गात कुणीतरी हसलं. सर नाही हसले. आवाज खाली आणून म्हणाले, “कुठे जात नाही. राहतच नाही ते.”

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर ते तीन पॉइंट नव्व्याण्णव नव्हतंच. माझ्यासमोर ते वर्ष होतं. तीस डिसेंबर म्हणजे वर्ष पॉइंट नव्व्याण्णवच की! कुणीही शहाण्या माणसाने पुढच्या वर्षात धरली असती तिला. पण पॉइंटच्या पुढचं कापलं, आणि माझी पोर नेऊन बसवली यूरिमच्या शेजारी, आणि आता म्हणतात, ही मागे का? अहो, मागे कुठे? तिचं जवळजवळ एक वर्ष तुम्ही कापून टाकलंत! आणि त्या मशीनने निदान आधी लाल रेघ तरी मारली, सांगितलं तरी, की बाई गं, काहीतरी हरवतंय. माझ्या पोरीच्या वेळेला कुणी लाल रेघसुद्धा मारली नाही. उलट आम्ही पेढे… म्हणजे आमच्याकडे पेढे नसतात, तांदळाचे केक वाटले.

मी उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आणि तिथूनच पेक बाईंना फोन लावला. म्हटलं, “बाई, तिला लहान वर्गात बसवा ना. ती खरं तर त्यांच्यातलीच आहे.” बाई म्हणाल्या, “मला कळतंय हो, दाओनच्या आई. पण वर्ष बघतात. महिना नाही बघत. जेवलात का?”

आधी जाहीर करा काय आहे! केलं होतं ना जाहीर, डॉक्टरांनीच, जन्मायच्या आधी, जानेवारी म्हणून!

बुधवार उजाडला. मी दाओनला केसांना दोन पिना लावल्या, ससा धुतला, ससा वाळेना, ओल्या सशासकट गेलो. तज्ज्ञ बाई वयाने माझ्याएवढ्याच, चेहरा चांगला होता हो, दमलेला पण चांगला, हातात टॅब, शेजारी पेक बाई. मला कोपऱ्यातल्या चिमुकल्या खुर्चीवर बसवलं, गुडघे हनुवटीला. आणि म्हणाल्या, “आई, तुम्ही नाही हं बोलायचं.” मला! मी दोन्ही हात तोंडावर ठेवले, तेवढाच उपाय होता.

“तुझं नाव काय गं?”

दाओनने एप्रनवर शिवलेल्या नावावर बोट ठेवलं. आता हे उत्तर झालं की नाही? अर्धं झालं ना? पण टॅबवर अर्ध्याला जागा नव्हती. हो किंवा नाही. बूलियन! बाई थोड्या घुटमळल्या आणि ‘हो’ दाबलं. त्या क्षणी मी त्या बाईंना मनातल्या मनात ताई म्हटलं, वर्ष न विचारता.

“आणि दाओन, तू केवढी? किती वर्षांची?”

दाओनने सशाचा ओला कान पिळला.

“बोटं दाखवलीस तरी चालेल बाळा.”

दाओनने हात वर केले. सहा बोटं उघडली. एक मिटलं. आणखी एक मिटलं. मग सगळी मिटली आणि हात सशाच्या पोटाखाली लपवले. तज्ज्ञ बाईंनी पेक बाईंकडे बघितलं, पेक बाईंनी खाली बघितलं, आणि मी… तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी गप्प होते. श्वाससुद्धा रोखला होता. त्या खोलीत इतकी शांतता झाली की ओल्या सशातून पाणी टपकतंय तेसुद्धा ऐकू येत होतं. जन्मात पहिल्यांदा मी एखादी शांतता भरली नाही.

आणि दाओन म्हणाली, “कुठलं?”

तज्ज्ञ बाई पुढे वाकल्या. “कुठलं म्हणजे काय गं?”

“आजीचं सहा,” दाओन सशाला सांगितल्यासारखं म्हणाली. “बाबांचं पाच. सुईवाल्या डॉक्टरांचं चार.”

अहो, पोरगी बोलली! नुसती बोलली नाही, तीन वाक्यं बोलली, हिशेबासकट! मार्चपासून ती काय करत होती कळलं का तुम्हाला? वाट बघत होती! कुणीतरी आधी जाहीर करेल, की बाई, यातलं कुठलं हवंय… पेक बाईंनी तोंडावर पदर… म्हणजे बाही धरली. मी त्या चिमुकल्या खुर्चीत अडकले होते, उठायला गेले तर खुर्चीसकट उठले.

तज्ज्ञ बाईंचे डोळे चमकले हो, खोटं कशाला सांगू. त्यांनी भराभर टॅबवर लिहायला घेतलं, आजीचं सहा, बाबांचं… आणि थांबल्या. पुन्हा लिहिलं. पुन्हा थांबल्या. मी खुर्चीसकट त्यांच्या मागे जाऊन बघितलं. आणि काय बघते? तीच लाल रेघ! माझ्या ओळखीची! खाली लिहिलेलं, ‘इथे फक्त आकडा लिहा.’

आकड्याच्या डब्यात वाक्य बसत नाही. मला माहीत होतं. त्या सबंध खोलीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

“एक मिनिट हं,” बाई म्हणाल्या. त्यांनी सहा, पाच, चार असं ओळीने लिहून बघितलं. लाल. पुढच्या प्रश्नावर जाऊन बघितलं. उघडेना. मी म्हटलं, “ताई, चार लिहा. पाच लिहा. सहा लिहा, सासूबाई खूश होतील, कुठलाही लिहा!” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेलं नाही चालत हो. तिने सांगायला हवं.”

“आणि तिने नाही सांगितलं तर?”

“तर जागा रिकामी राहते. आणि रिकामी राहिली की हे ‘उत्तर दिलं नाही’ असं धरतं.” हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मग दाओनच्या समोर गुडघ्यावर बसल्या, खरंच मऊ आवाजात म्हणाल्या, “बाळा, तू खूप छान सांगितलंस. पण एकच सांग ना. इथे एकच आकडा बसतो.”

आता तुम्ही विचाराल, मग पुढे काय झालं? पुढे काय व्हायचंय… आम्ही सोमवारपासून जातो तिथे, रोज सकाळी. प्यो सर क्लासचे व्हिडिओ पाठवतो म्हणालेत. जिराफ छान आहेत, तेवढं मात्र पेक बाई खरं बोलल्या. पण ते राहू दे. तेव्हा काय झालं ते ऐका. दाओनने त्या टॅबकडे बघितलं. ती लाल रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं, मी खुर्चीसकट उभी. मग ससा नीट काखेत घेतला, आणि मोठ्या माणसाशी बोलताना कसं बोलायचं ते मी शिकवलंय तस्सं, अगदी आदराने तज्ज्ञ बाईंना म्हणाली,

“मग रिकामं ठेवा.”